डोंगराला वळसा

मुलाचा मित्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसला होता. समुद्राच्या कडेने जायचं आणि घाटातून डोंगराला वळसा घालून परत यायचं, ही सायकलफेरी दोघांनी मिळून आखलेली. गेल्या वर्षी मित्र तापाने पडला, मुलगा एकटाच गेला, आणि घाटाच्या वळणावर सायकल न आवरल्याने दरीत कोसळला.

"काकू, एक कोडं काही सुटत नाही," मित्र म्हणाला. "तो उभा घाट सगळे चढतात. आमचंही तेच ठरलं होतं. ऐन वेळी यानं फेरी उलटी फिरवली आणि तोच घाट उतरायला गेला. एवढा पट्टीचा गडी, असा वेडेपणा का करेल?"

आईने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. 

"रविवारी मी निघतोय, त्याच्यासाठी. घाम निघाला तरी घाट चढूनच जाणार."

"चढच बाबा. डोंगर डाव्या हाताला राहिला तरी राहू दे."

मित्र हसला. "रोज अकरा प्रदक्षिणा घालणाऱ्या काकू हे बोलतायत? मला वाटलं, देवासारखी डोंगरालाही उजवीच घाल म्हणाल."

आईने नकाशावरच्या घाटावर बोट टेकवलं.

"त्याला म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "जन्मात माझं काही न ऐकणाऱ्या पोरानं तेवढं एक ऐकलं."