पंधरा वर्षांची खात्री

गॅरंटीकाका गॅरेजच्या दारात दिसले, की मेकॅनिकच्या कपाळाला आठ्या पडायच्या. दर वेळी एक सेकंडहँड व्हॅन तपासायला आणायची आणि इंजिन, पत्रा, सरकता दरवाजा सगळं ठणठणीत निघालं तरी यांचा एकच हेका, "पंधरा वर्षं चालेल ना?" तशी खात्री मिळाली नाही, की व्हॅन परत. आजची चौथी. तिच्याखाली सरपटून मेकॅनिकच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता.

"काका, गाडी खणखणीत आहे. घेऊन टाका."

"पंधरा वर्षं?"

मेकॅनिकने पाना आपटला. "अहो, माझ्या स्वतःच्या हाडांची मी पंधरा वर्षांची खात्री देत नाही. आणि या वयात तुम्ही चालवणार तरी किती?"

"फार तर दोन-तीन वर्षं."

"मग कशाला माझं डोकं खाताय?"

काकांनी रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या आपल्या जुन्या खटाऱ्याकडे पाहिलं. मागच्या सीटवर त्यांचा चाळिशीतला मुलगा काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने गोल काढत बसला होता.

"गाडी बदलली की तो आत पायच ठेवत नाही," काका म्हणाले. "या गाडीत बसवायला वर्ष गेलं. रोज समजूत काढायचो. आता ही शेवटच्या घटका मोजतेय, तर अजून एकदा काढीन. पण त्यानंतर पुन्हा गाडी बदलायची वेळ आली, तर कोण काढणार?"