चाळण काढल्यावर

थॉरसन सरांनी सुरी पुन्हा जॅमच्या बरणीत बुडवली आणि स्वतःच्याच कोटाच्या बाहीवर सावकाश फिरवली. पालक पोट धरून हसत होते. पालकभेटीची संध्याकाळ, आठवीचा संगणकाचा वर्ग खचाखच भरलेला, आणि सरांच्या डोक्यावर पास्ता निथळायची स्टीलची चाळण. ती चाळण डोक्यावर चढली की सर माणूस नाहीत, यंत्र. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम पडद्यावर दिसेल, तो एकेक पायरी करून तंतोतंत पाळायचा. पुढचं वाचायचं नाही. आणि यंत्र बोलत नाही. हे सगळे नियम सरांचेच.

आज प्रोग्राम द्यायला कोण येतंय, असं विचारल्यावर सगळ्यांत आधी दारिया हुलाकचा हात वर गेला होता. आता ती मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. वर्गात न हसणारी ती एकटीच.

ऑक्टोबरात सरांनी हीच चाळण घालून तिचा पहिला प्रोग्राम चालवला होता. सँडविच बनवायचं होतं. तिनं लिहिलं, ब्रेडवर जॅम लाव. आधी पाकीट उघड, हे लिहायचं राहून गेलं. सरांनी बंद पाकिटावरच जॅम थापला. तिथवर ठीक होतं, पहिल्या खेपेला सगळ्यांचंच काही ना काही चुकतं. पण सरांना चेव आला. त्यांनी चाळण काढली आणि तिला उभं करून ती ओळ वाचायला लावली. तिनं ती पुटपुटत वाचली.

"मोठ्यानं, दारिया. मागच्यांना ऐकू आलं नाही."

पुन्हा वाचायला लावलं, आणि पुन्हा. त्या दिवसापासून तिचं नाव पाकीट पडलं. बसमध्ये पाकीट, जेवणाच्या सुट्टीत पाकीट, बर्फावर कर्लिंग खेळायच्या रिंकवर पाकीट. एकदा जीव मुठीत धरून ती सरांना सांगायला गेली, तर म्हणाले, जरा हसण्यावारी न्यायला शीक.

तिनं हसण्यावारी नेलं नाही. मनात धरलं. अख्खा हिवाळा बाकीची पोरं बर्फात हुंदडत होती आणि ही बया घरात बसून, तेच ते काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं, ते शिकत होती. संगणकाची तिला काडीची आवड नव्हती. तिला सरांचा हिशेब चुकता करायचा होता.

पडद्यावर शेवटची दिसत होती ती पाचवी पायरी: थॉरसन सर दारियाची माफी मागत नाहीत, तोवर अंगावर जॅम लावत राहा. पालकांना वाटलं, गुरुशिष्यांची थट्टामस्करी चाललीय. पोरांना मात्र मेख कळली. यंत्राला बोलता येत नाही, म्हणजे माफी मागता येत नाही, म्हणजे थांबता येत नाही. बाही झाली, टाय झाला, कॉलर झाली. सरांच्या कपाळाला घाम फुटला.

आणि सुरी बरणीच्या तळाशी खरवडली. जॅम संपला होता.

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी चाळण काढून टेबलावर ठेवली आणि पालकांकडे वळले. "पाहिलंत? यंत्राचं काही चुकलं नाही. बरणी संपते, हे आमची दारिया विसरली."

"पाकीट!" मागून वर्गातला कोल्टन ओरडला आणि वर्गात हशा पिकला. दारियाची आईसुद्धा हसली. तिला त्या नावामागची गोष्ट माहीत नव्हती.

"सर, पडद्यावरचा प्रोग्राम पुढे सरकवा," दारिया म्हणाली.

"प्रोग्राम संपलाय, बाळा."

"सरकवा तर."

सरांनी सरकवला. खाली सहावी पायरी होती: बरणी संपली, तर दारियाकडून दुसरी घे.

दारिया उठली. रिंकवरच्या कँटीनमध्ये तिची आई कामाला होती. तिथली जॅमची भली थोरली बरणी तिनं दप्तरातून काढली आणि टेबलावर आदळली. हसणं विरत गेलं. सरांचा हात चाळणीकडे गेला.

"ती राहू द्या," दारिया म्हणाली. "तुम्हीच काढलीत. आता तुम्हाला बोलता येतं."

सरांनी पालकांत बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंकडे पाहिलं. बाई पाचवी पायरी पुन्हा वाचत होत्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. सरांच्या बाहीवरून जॅम फरशीवर ठिबकत होता.

"सॉरी, दारिया," सर खालमानेनं पुटपुटले.

दारियानं बरणीचं झाकण फिरवून उघडलं.

"मोठ्यानं, सर. मागच्यांना ऐकू आलं नाही."