कराडहून आलेला डबा

ईलिंग रोडवरच्या बसथांब्यावर बसून क्षितिज विकतचे लाडू स्टीलच्या डब्यात भरत होता. रिकामे झालेले प्लास्टिकचे खोके त्याने चुरगाळून कचऱ्याच्या पेटीत टाकले आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून उगाच इकडेतिकडे बघितलं. बघणार कोण डोंबल! लंडनला येऊन पुरता दीड महिना झाला नव्हता, ओळखणारं होतं कोण त्याला?

डबा द्वारकाआजींचा. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. कराडला त्या क्षितिजच्या शेजारी राहायच्या आणि त्यांचा मुलगा, डॉक्टर मुरलीधर, चाळीस वर्षं इकडे ईलिंगला. परदेशी निघालेल्या पोराच्या बॅगेत शेजारपाजाऱ्यांनी काहीतरी कोंबायचं, ही आपली जुनी खोड. निघायच्या आदल्या दिवशी आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, डिंकाचे लाडू आहेत, माझ्या मुरलीला पोचव.

पोचवले असते हो. पण आल्या आल्या पोरगं तापाने आडवं झालं. लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून जायचं, जेवायला ते गारढोण सँडविच, आणि वर घरची आठवण. एका संध्याकाळी त्याने डबा उघडला. एक खाल्ला तर काय होतंय? दुसऱ्या दिवशी आणखी एक. दुसरा रविवार उजाडला तेव्हा तळाशी नुसता चुरा होता, तोही त्याने बोटाने टिपून खाल्ला. आजींना फोन करून खरं सांगू, त्या हसतील आणि पुन्हा पाठवतील, असं ठरवून तो मोकळा झाला.

बुधवारी आईचा फोन आला. द्वारकाआजी झोपेतच गेल्या होत्या.

पाठोपाठ मुरलीधरकाकांचा. त्यांची बायपास नुकतीच झालेली, विमानाला मनाई, त्यामुळे आईचं शेवटचं दर्शनही झालं नव्हतं. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलत राहिले.

"तिने तुझ्याबरोबर डबा दिलाय म्हणे," शेवटी ते म्हणाले. "तिच्या हातचं आता तेवढंच राहिलंय रे."

क्षितिजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर "हो काका, आणतो." मग कधी असाइनमेंट, कधी सर्दी असं करत त्याने तीन आठवडे ढकलले.

त्यात राहायचे वांधे झाले. नकुल नावाच्या मित्राच्या खोलीत तो जमिनीवर गादी टाकून झोपत होता. घरमालकाला सुगावा लागला आणि शुक्रवारी सकाळपर्यंत चालता हो, म्हणून त्याने बजावलं. राहतोस कुठे, असं काकांनीच फोनवर विचारलं तेव्हा त्याला सांगावं लागलं. ते म्हणाले, आमची मुलगी अन्वी लीड्सला गेल्यापासून वरची खोली रिकामीच आहे. मात्र घरात शब्द चालतो तो माझ्या बायकोचा, सुप्रभाचा. डबा घेऊन ये, ती तुला बघेल, मग ठरवू.

आज गुरुवार. सकाळपासून त्याने वेम्बलीतल्या ह्या ईलिंग रोडवरची दुकानं पालथी घातली होती. सगळीकडे गुजराती मिठाई. शेवटी एका दुकानाच्या कोपऱ्यात, लेबल नसलेल्या खोक्यात, खारीक-खोबऱ्याचे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू दिसले. देव पावला म्हणायचा.

दार सुप्रभाकाकूंनी उघडलं. उंच, मोजकं बोलणाऱ्या. बूट तिथे काढ म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. काका खुर्चीत होते, पार वाळलेले. लग्नानंतर हिला आईने वर्षभर कराडला ठेवून घेतलं होतं, सगळा स्वयंपाक हाताखाली शिकवला होता, आपल्यापेक्षा हीच तिची लाडकी, असं काहीबाही ते सांगत होते. क्षितिजचं कशात लक्ष असेल तर शपथ.

काकांनी डबा मांडीवर घेतला. झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग एक लाडू उचलून त्याचा घास घेतला आणि चावायचे थांबले.

क्षितिज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आता विचारतील, हे काय आहे? आता दार दाखवतील.

"आईच," काका डोळे मिटून म्हणाले. "सुप्रभा, खाऊन बघ. तोच हात." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

सुप्रभाकाकूंनी लाडू घेतला. निरखला, फोडला, कण तोंडात टाकला. मग मान वर करून क्षितिजकडे बघितलं. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"हो," त्या म्हणाल्या. "तोच." आणि त्याला म्हणाल्या, "चल, खोली दाखवते."

तो त्यांच्यामागून जिना चढला. वर पलंग, टेबल, बागेकडे उघडणारी खिडकी. काकूंनी दार लोटून घेतलं. कॉलेज कुठल्या वारी असतं, अंडं खातोस का, एवढंच विचारलं. खालून काकांच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता. तो ऐकला आणि क्षितिजला स्वतःची अशी किळस आली की खोली गेली तर जाऊ दे, असं त्याला वाटलं.

"काकू," तो म्हणाला, "त्या लाडवांचं मला तुम्हाला..."

"काही बोलू नकोस," त्यांनी त्याला मध्येच थांबवलं. "महिनाभराने आज त्यांच्या पोटात काही सुखाने गेलंय."

त्यांनी हुकावरची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. उद्या सकाळीच सामान आण म्हणाल्या.

"मात्र एक काम करावं लागेल," दाराशी थांबून त्या म्हणाल्या. "दर मंगळवारी मी केलेले लाडू ईलिंग रोडवर पोचवायचे. दुकान तुला ठाऊकच आहे."