काळ्या मातीची पकड

शेत सील करायला आलेल्या सरकारी यंत्रमानवाने मूठभर काळी माती अ‍ॅसिडात उकळली आणि निकाल दिला, "तणनाशक मर्यादेच्या चौपट. जमीन मृत."

हौसाक्काने घरून आणलेल्या दोन बरण्या त्याच्यापुढे आदळल्या. दोन्हींत शेवाळाचं पाणी आणि सारखंच तणनाशक होतं. वाळू घातलेल्या बरणीतलं शेवाळ पांढरं पडलं होतं. तिच्या शेतातली माती घातलेल्या बरणीतलं हिरवंगार होतं.

"बघ, माझ्या मातीनं विष धरून ठेवलंय."

"नियमाप्रमाणे एकूण विष मोजतात."

"ते तू उकळून सोडवलंस! मी पिकाला अ‍ॅसिड पाजत नाय, पाणी पाजते."

यंत्रमानवाच्या चाकापाशीच तिने गवारीचं बी टोकलं.

"हे उगवेपर्यंत इथंच उभा राहा. नाय उगवलं, तर लाव सील."