केनियाची रेघ

अशी कल्पना करा, की तुमच्या हातात आलेखाचा कागद आहे आणि त्यावर तुम्हाला एका अख्ख्या देशाची रेघ काढायची आहे. देशाच्या दर शंभर रुपयांच्या कमाईतले किती रुपये सरकारने रस्ते, पूल, धरणं अशा टिकाऊ कामांत घातले, ते प्रत्येक वर्षासाठी एक ठिपका देऊन दाखवायचं. मग ठिपके जोडायचे. आणि अशीही कल्पना करा, की शेजारी बसलेल्या मुलीची रेघ तुमच्या रेघेपेक्षा उंच जाते आहे.

मेधाचं तसंच झालं होतं. केशवापूरला अंबूताईंच्या घरी रविवारी मुलं शिकायला जमत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पद्माला इथिओपिया आला आणि मेधाला केनिया. पद्माची रेघ झरझर चढत गेली. मेधाची थोडी चढे, दम खाई, पुन्हा चालू लागे.

"मेधा, तुझा केनिया घाट चढतोय की कट्ट्यावर बसलाय गं?" शुभांगीने विचारलं. सगळे हसले. पद्माही हसली. बाकीच्यांचं हसणं मेधा विसरली, पद्माचं विसरता येईना.

घरी जाऊन तिने नवा कागद घेतला. एका चौकोनाला एक रुपया, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. मेधाने अर्धाच रुपया धरला. आकडे सगळे खरे, रेघ मात्र दुप्पट उंच. डाव्या कडेचे अंक तिने अगदी बारीक लिहिले.

पुढच्या रविवारी सगळे आलेख शाईने गिरवायचे होते. दुसऱ्या दिवशी ते धारवाडच्या प्रदर्शनात जाणार होते. शाईने गिरवण्याआधी अंबूताई दोन-दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरत. उन्हात दोन्ही देश एकदम दिसत.

"अय्यो, केनिया इथिओपियाच्या वर गेला की!" शुभांगी म्हणाली.

मेधाने पद्माकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, पद्माचा चेहरा पडेल. पद्मा नुसतीच काचेकडे बघत होती.

अंबूताईंची नजर कागदाच्या डाव्या कडेवर जरा रेंगाळली. "दोघींपैकी एकीचं काहीतरी चुकलंय," त्या म्हणाल्या. "कुणाचं, ते तुम्हीच शोधा. मला घाई नाही."

"माझंच असणार, ताई," पद्मा लगेच म्हणाली. "मेधाचं गणित चुकत नाही."

तिने आपला कागद काढून घेतला, जमिनीवर मांडी घातली आणि खोडरबराने शेवटच्या वर्षापासून खोडायला सुरुवात केली.

"अगं, उद्या प्रदर्शन आहे," शुभांगी म्हणाली. "आता पुन्हा कधी काढणार?"

"बसते की संध्याकाळपर्यंत. चुकीचं कसं लावायचं?"

एक ठिपका गेला. दुसरा गेला. मेधा उभी राहून बघत होती. अजून थोडं थांबलं, तर त्या कागदावर काहीच उरणार नव्हतं.

"पद्मा, इरली," ती कानडीत म्हणाली. "राहू दे."

ती खाली बसली. पद्माच्या हातातलं खोडरबर तिने काढून घेतलं, आपला कागद पुढे सरकवला आणि डाव्या कडेच्या बारीक अंकांवर बोट ठेवलं. पद्माने वाकून ते वाचले. वाचायला तिला वेळ लागला.

"मुद्दाम?" तिने हळूच विचारलं.

मेधाने होकारार्थी मान हलवली. मग आपल्या रेघेच्या सगळ्यात उंच टोकावर खोडरबर ठेवून ती जोरजोरात घासू लागली. कागद चुरगळायला लागला.

पद्माने दोन्ही हात पसरून त्याचे कोपरे दाबून धरले. "सावकाश," ती म्हणाली. "फाटेल."

मेधाला त्या शांत हातांचाही हेवा वाटला. पण तिने घासणं हळू केलं.