शून्याखालचे अकरा लिटर

मिस्त्रीने मागची सीट उचलून बाहेर ठेवली आणि टाकीवरचं झाकण उघडलं. पेट्रोलचा वास गाडीभर पसरला. ती दाराला धरून, वाकून बघत होती.

एरवी ती पाचशेचंच भरायची; काल काटा शून्याला टेकला म्हणून तिने पहिल्यांदाच टाकी पूर्ण भरायला सांगितली, तर पस्तीस लिटरची टाकी चोविसातच तुडुंब झाली. पंपावरचा माणूस म्हणाला, ताई, मशीन खोटं नाही, तुमचा काटा खोटा आहे. म्हणजे काटा शून्यावर असताना टाकीत अकरा लिटर शिल्लक होतं. वजाबाकी सोपी होती. पण त्यानंतर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"ही खराबी कधीपासूनची असेल, काका?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, बघू तर दे आधी. अगदी बापावर गेलीयस. मास्तरही असेच डोक्यावर उभे राहायचे. बॉनेट उघडलं की प्रश्नपत्रिका सुरू."

तिला एवढंच ऐकायचं होतं, की हल्लीची आहे. आठवड्याची, फार तर महिन्याची. तीन महिन्यांपूर्वीची नको. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी बाबा या मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते, छातीवर हात दाबून. अर्ध्या वाटेत काटा शून्याला टेकला आणि तिने गाडी पंपात वळवली. रांगेत पुढे एक ट्रक होता. दहा मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टर घड्याळाकडे बघून काहीतरी बोलता बोलता थांबले, ते तिने पाहिलं होतं. तेव्हापासून ती रोज स्वतःला बजावत आली होती, की पेट्रोल भरलं नसतं तर गाडी वाटेतच बंद पडली असती. त्या एका वाक्याच्या आधारावर ती उठत होती, जेवत होती, कामावर जात होती.

मिस्त्रीने टाकीवरची वायर सोडवली, तसा काटा शून्यावर पडला; मग तिचं टोक त्याने गाडीच्या पत्र्याला टेकवलं. काटा झरकन वर चढला. म्हणजे काटा धडधाकट आहे, भानगड आत आहे, असं तो म्हणाला. मग पेट्रोलबरोबर वरखाली होणारा फ्लोट त्याने टाकीतून अलगद बाहेर काढला. फ्लोटची तारेची दांडी मधेच वाकलेली होती. वाकावर पकडीचे दात स्पष्ट उमटले होते.

ती दांडी उजेडात धरून मिस्त्री हसायलाच लागला.

"विसरलोच होतो बघ. ही खराबी नाही गं. हे माझंच काम."

चार वर्षं झाली असतील, असं त्याने सांगितलं. तेव्हा पेट्रोल संपून ती लागोपाठ दोनदा रस्त्यात अडकली होती. दुसऱ्याच दिवशी मास्तर गाडी घेऊन आले. म्हणाले, पोरीला सांगून उपयोग नाही, काटा तळाला गेल्याशिवाय ती पंपाकडे ढुंकून बघत नाही, तेव्हा काट्यालाच थोडं खोटं बोलायला लावा. मिस्त्रीने विचारलं, मास्तर, जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलंत, आणि आता हे? त्यावर दोघंही चहा सांडेपर्यंत हसले होते.

"माझी पोर रस्त्यात अडकता कामा नये, म्हणाले." मिस्त्रीने बाहीने डोळे टिपले. बापाची एक आठवण लेकीच्या हाती दिल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

बाबांची युक्ती लागू पडली होती. चार वर्षांत ती एकदाही अडकली नव्हती. काटा शून्याला टेकला की तिचे हात आपोआप पंपाकडे वळायचे. त्या सकाळीही वळले.

आणि मागून बाबा म्हणत होते, "आहे... आहे गं." आई त्यांचे केस मागे सारत म्हणाली होती, "बोलू नका. श्वास घ्या." नंतर आईनेच तिला जवळ घेऊन समजावलं होतं, की 'मी आहे' म्हणत होते गं ते तुला, घाबरू नकोस म्हणत होते. ते दोन शब्द उशाशी घेऊन ती झोपत आली होती.

'मी' असं बाबा म्हणालेच नव्हते.

"आईला माहीत होतं हे?" तिने विचारलं.

"वहिनींना? अगं, त्याच तर बसल्या होत्या पुढच्या सीटवर. पोरीला कळू देऊ नका, फुगून बसेल, असं मला बजावून गेल्या." त्याने पकड उचलली. "सरळ करून टाकू?"

तेवढ्यात फोन वाजला. आईचाच होता.

"काय म्हणाले मिस्त्री?" आईने विचारलं. काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन चालावं, तसा तिचा आवाज होता.

"काही नाही गं. वायर सैल झाली होती."

"वायर?"

"हो. आठवडाभरातलंच आहे म्हणाले."

मिस्त्रीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पकड त्याच्या हातात तशीच राहिली.

पलीकडून आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"बरं झालं," शेवटी ती म्हणाली. "सावकाश ये, बाळा. आता कसली घाई आहे."