आपली मनस्वी

"विचार गो त्याला, माझी पोर कुठं हाय?" रघू ओरडला.

मनस्वीने समोर पाहिलं. बर्फाच्या कारखान्यामागच्या खलाशांच्या खोल्यांपुढे गर्दी जमली होती. भिंतीशी लोकेंद्र उभा होता. नेपाळहून तो महिन्यापूर्वीच नाटे बंदरात आला होता, रघूच्या बोटीवर. मराठी त्याला चार शब्दांपलीकडे येत नव्हती. गर्दीतल्या दोघांच्या हातात बांबू होते.

रघूची पूर्वी नावाची मुलगी सकाळी राजापूरला कॉलेजला म्हणून निघाली होती. ती तिथे पोचलीच नव्हती. फोन बंद होता. काल ती जेटीवर एका नेपाळ्याशी बोलताना दिसली, असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, ते आता कोणालाच सांगता येत नव्हतं.

मनस्वी शाळेतून येऊन एसटीतून उतरली, तेव्हा रघूचा पुतण्या सुजय मोटरसायकल घेऊन थांब्यावर उभा होता. "काकांनी बोलावलंय. त्यांची भाषा तुलाच येते," तो म्हणाला. त्यांची. तुमची नाही. मागे बसताना मनस्वीला त्या शब्दाचं बरं वाटलं होतं.

तिचे वडील डंबरबहादूर तिच्या जन्माआधी याच बंदरात खलाशी म्हणून आले. गावाने त्यांच्या नावाचं 'डांबर' केलं, तेही त्यांनी हसून घेतलं. आता ते रघूच्या बोटीचे तांडेल होते. समुद्रात गेल्यावर बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. मनस्वी दापोलीला शिकली आणि राजापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली. दहावीला ती पहिली आली तेव्हा 'नाटे गावची कन्या' म्हणून तिचा फोटो नाक्यावर लागला होता. त्या फोटोवर कोणीतरी तिच्या डोळ्यांवरून काहीबाही लिहिलं. बाबांनी पहाटे जाऊन ते पुसलं. मनस्वीने ते आदल्या संध्याकाळीच वाचलं होतं. त्यावर दोघं कधीच बोलली नाहीत.

तिने लोकेंद्रला नेपाळीत विचारलं, "पूर्वी कुठे आहे?"

"दिदी, मी तिला ओळखतसुद्धा नाही," तो घाईघाईने म्हणाला. "वारा सुटलाय म्हणून बोटी बंदरातच आहेत. सकाळपासून मी तुमच्या बाबांबरोबर जाळी शिवत होतो, तुमच्याच अंगणात. आत्ता कुठे इकडे आलो. त्यांना बोलवा ना. ते सांगतील."

"काय म्हणतो?" रघूने विचारलं.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. बाबांचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं. मग तिला ते बांबू दिसले. या माणसांच्या तोंडी बाबांचं नाव आज नको, असं तिला वाटलं.

"काही माहीत नाही म्हणतो."

"एवढा वेळ बोलला, आणि एवढंच?"

"एवढंच, रघूकाका."

रघूने पुढे होऊन लोकेंद्रच्या कानाखाली मारली. पाठोपाठ एक बांबू त्याच्या खांद्यावर बसला. तो खाली बसला. त्याने मनस्वीकडे पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाला, "तुमच्या बाबांना बोलवा." आता त्याने मराठीत म्हणायचा प्रयत्न केला. "तांडेल... तांडेल..."

"तांडेल काय?" सुजय म्हणाला.

"तांडेल मला मारेल म्हणतो," मनस्वी चटकन म्हणाली. मग नेपाळीत, दात आवळून, "गप्प बस. त्यांना यात ओढू नकोस."

लोकेंद्र गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याने गर्दी आणखी चिडली. बांबू पुन्हा वर गेला. मनस्वीने मान वळवली. तिच्या शेजारी पूर्वीची आई, कमळा, रडत होती. मनस्वीने तिचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात कमळाचा फोन वाजला. पावस गावाहून तिची नणंद बोलत होती. पूर्वी तिच्याकडे होती. सकाळी घरात भांडून निघाली ती थेट आत्याकडे गेली, फोन मुद्दामच बंद ठेवला. आत्ता जेवायला बसलीय.

कमळाने फोन ठेवून ते सगळ्यांना सांगितलं. कोणीतरी हसलं. "पोरं पण ना आजकालची," एकजण म्हणाला. बांबू भिंतीला टेकले. लोकेंद्रला दोघा खलाशांनी उचलून आत नेलं आणि कडी लावून घेतली. रघूने त्या दाराकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग मनस्वीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू आपली हायस म्हणून बरा झाला. नायतर यांचा काय समजला असता आपल्याला?"

मनस्वी एकटीच घरी निघाली. छातीत काहीतरी हलकं झालं होतं. सकाळी लोकेंद्रकडे जाऊन यायचं, औषध न्यायचं, असं तिने ठरवलं. बाबांना मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही.

अंगणात जाळं पसरलेलं होतं. घराचं दार बिजागरीवरून लोंबत होतं. आत कपाट उघडं, तिची पुस्तकं आणि कपडे जमिनीवर. बाबा पायरीवर बसले होते. त्यांचा ओठ फाटला होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता.

"बाबा! कोणी केलं हे?"

"रघूशेटची माणसं. आत्ताच गेली. पूर्वीला घरात लपवलीय म्हणाली."

"मग मला फोन का नाही केलात?"

बाबा शर्टाच्या बाहीने ओठ पुसत, समजुतीच्या सुरात म्हणाले,

"ते म्हणाले, मनस्वी आमच्याबरोबर आहे. मला वाटलं, तुला विचारूनच आलेत."